शेठ म्हणतात, "आपल्याकडे पगारी सुट्टी नसते"

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. सहा वर्षांपासून त्या एका मोठ्या साडी दुकानात काउंटरवर आहेत. दुकानात सगळी मिळून 34 माणसं. पगार महिना 16,900 रुपये, बँकेत जमा होतो, पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जातो. आठवडी सुट्टी मंगळवारी. पत्रातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते:

"मॅडम, 2025 साली 26 जानेवारी, 1 मे आणि 2 ऑक्टोबरला आम्हाला कामावर बोलावलं. 2 ऑक्टोबरला दसरा होता, रात्री साडेदहापर्यंत उभ्या होतो. जादा पैसे नाहीत, बदली सुट्टीही नाही. 15 ऑगस्टला मुलाच्या शाळेत ध्वजवंदन होतं म्हणून मी गेले नाही, तर खाडा धरून 650 रुपये कापले. सप्टेंबरात डेंग्यू झाला, 11 दिवस घरी होते, अकराच्या अकरा दिवसांचे पैसे गेले. शेठ म्हणतात, आपल्याकडे पगारी सुट्टी नसते, तुम्ही कामाला लागताना लिहून दिलंय. जूनपासून 500 रुपये वाढवून मला 'फ्लोअर सुपरवायझर' केलंय, म्हणून आता कायदा लागू नाही असंही म्हणतात. दर जानेवारीत एका कागदावर सह्या घेतात, त्यात 'सर्व सुट्ट्या मिळाल्या' असं लिहिलेलं असतं. या वर्षी मी अजून सही केली नाही. काय करू? नोकरी जायला नको."

ताई, शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. त्या कागदावर सही करू नका. दुकानातल्या बाकीच्या बायकांनाही आजच सांगा. पुढे जे काही मिळवायचं आहे त्याच्या आड तो एक कागद येऊ शकतो. अगदीच अडवून धरलं, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: "2025 मधील सुट्ट्यांचा पगार मिळालेला नाही", खाली तारीख टाका आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आधीच्या वर्षी सह्या केल्या असतील तर घाबरून जाऊ नका. हजेरी मस्टर, थंबच्या नोंदी आणि बँकेत जमा झालेली रक्कम एक सांगत असेल आणि छापील कागद दुसरंच, तर अधिकारी तो कागद डोळे झाकून मान्य करत नाही. तरीही नवी सही देऊन आपल्याच हाताने अडचण वाढवू नका.

आता तुमचा हक्क काय आहे ते सांगते. महाराष्ट्रात दुकानांसाठी 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. 34 माणसांचं दुकान त्यात नक्की बसतं. त्याच्या कलम 18 मध्ये वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालकाने आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. तुमच्याकडे दिवाळीत पाडवा आणि भाऊबीज पगारी मिळते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे आणखी दोन बाकी आहेत.

या दिवशी दुकान उघडं ठेवायला मनाई नाही, हे लक्षात ठेवा. दसऱ्याला साडीचं दुकान बंद ठेवा असं कुणी म्हणणारही नाही. पण त्या दिवशी कामावर बोलावलं, तर रोजच्या सरासरी पगाराच्या दुप्पट पैसे द्यायचे आणि वर दुसऱ्या एखाद्या दिवशी बदली सुट्टीही द्यायची. दोन्ही गोष्टी द्यायच्या आहेत, त्यातली एक देऊन भागत नाही. पुष्कळ मालक बदली सुट्टी देऊन मोकळे होतात आणि कामगारालाही वाटतं की हिशेब मिटला. तुम्हाला तर दोन्हींतलं काहीच मिळालेलं नाही.

15 ऑगस्टचा खाडा तर सरळ चूक आहे. कायद्यानेच जी सुट्टी पगारी ठरवली, त्या दिवशी माणूस घरी राहिला तर ती गैरहजेरी होत नाही. तुम्हाला त्या दिवशी लेखी बोलावलं होतं का, हा प्रश्न मालकाचा वकील विचारेल. बोलावलं असलं, तरी आधीच्या दोन सुट्ट्यांचे दुप्पट पैसे न देता तिसऱ्या सुट्टीला बोलावणाऱ्या मालकाला हे बोलायला जड जाईल.

रजेचं वेगळं आहे. वर्षाला आठ दिवस सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा. ती वर्षाअखेर संपते, पुढे जात नाही. शिवाय ज्याने आदल्या वर्षात 240 दिवस काम केलं, त्याला पुढच्या वर्षी कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. तुमच्या हिशेबाने 2024 मध्ये 280 दिवस भरले, म्हणजे 2025 साठी 14 दिवस. ही रजा 45 दिवसांपर्यंत साठते. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत 240 ऐवजी 180 दिवसांची अट आहे. तुम्ही दोन्हींत बसता, त्यामुळे कोणता आकडा धरायचा या वादात तुम्हाला पडायचं कारण नाही.

डेंग्यूचे 11 दिवस मी असे मांडीन: आठ दिवस सीएल, तीन दिवस भरपगारी रजेतून. आजारपण पंधरा दिवस आधी कळवून येत नाही, त्यामुळे "आधी अर्ज का दिला नाही" हा आक्षेप टिकणार नाही. पण शेठना त्या वेळी काही कळवलं होतं का, ते शोधा. "ताप आहे, रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, येऊ शकत नाही" असा एक मेसेजही पुरे. तुमचा ईएसआयसी कापला जातो, म्हणून दुसरीही वाट आहे. ईएसआयसीत आजारपणाचा लाभ सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतो. मात्र त्यासाठी त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि ज्या दिवसांचा पगार मालकाकडून मिळाला, त्याच दिवसांचा लाभ तिकडून मिळत नाही. तुमच्या बाबतीत रजेचा पगार मागणं सोपं आणि फायद्याचं आहे.

एकूण बेरीज करू. 16,900 ला 26 ने भागलं की रोज 650, शेठनीही खाडा याच दराने कापला आहे. सुट्टीच्या तीन दिवशी काम केलंत, साधा रोज पगारात आलाच आहे, वरचा आणखी एकेक रोज म्हणजे 1,950. 15 ऑगस्टचे 650. तापाचे 7,150. एकूण 9,750 रुपये, शिवाय तीन बदली सुट्ट्या आणि खात्यावर शिल्लक 11 दिवस रजा. आधीच्या वर्षांची साठलेली रजा वेगळी. जानेवारी आणि मेमध्ये तुमचा पगार 16,400 होता, त्यामुळे त्या दोन दिवसांचा रोज थोडा कमी येईल, वीसेक रुपयांचा फरक. अर्जात बरोबर आकडा लिहा. एक आकडा फुगवलेला सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांकडेही संशयाने बघितलं जातं.

"लिहून दिलंय" या मुद्द्याला मी फार किंमत देत नाही. कायद्याचा हेतू हाणून पाडणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे निरर्थक असतो. कायद्याने जे किमान दिलंय ते सोडून देण्याची अट नेमणूकपत्रात घातली, तरी ती बंधनकारक होत नाही.

सुपरवायझरचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण हा डाव अलीकडे फार दिसतो. व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय जागेवरच्या माणसाला दुकाने अधिनियमातून सूट आहे, हे खरं. पण अशा माणसांची यादी दुकानात किंवा वेबसाइटवर लावावी लागते आणि तिची प्रत कामगार खात्याच्या सुविधाकाराकडे, म्हणजे तपासणी अधिकाऱ्याकडे, द्यावी लागते. ती लावली आहे का, बघा. आणि हुद्द्याच्या नावावर काही ठरत नाही, काम काय करता यावर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सिबा गायगी कंपनीच्या प्रकरणात हेच सांगितलं: माणसाचं मुख्य काम कोणतं ते बघा, हुद्दा बघू नका. तुम्ही अजूनही गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवता, पदर खांद्यावर धरून दाखवता, गिऱ्हाईक गेलं की वीस साड्यांच्या घड्या घालता. कुणाची रजा मंजूर करू शकता का? कुणाला कामावर घेऊ किंवा काढू शकता का? नाही. मग तुम्ही पर्यवेक्षक कशा? शिवाय जानेवारी आणि मेच्या सुट्ट्या जूनच्या आधीच्या आहेत. आणि पगाराच्या दाव्यासाठी त्या चार संहितांपैकीच 2019 ची वेतन संहिता "कर्मचारी" या व्याख्येत सुपरवायझर आणि मॅनेजरलाही धरते, त्यामुळे कापलेले पैसे परत मागायला हा हुद्दा आड येत नाहीच.

आता करायचं काय ते सांगते. पहिलं पाऊल दुकानातच टाका, तेही लेखी. तोंडी मागणं तुम्ही सहा वर्षं करत आला आहात. साध्या कागदावर, साध्या भाषेत:

"माननीय महोदय, मी आपल्या दुकानात सहा वर्षांपासून विक्री विभागात काम करते. सन 2025 मध्ये 26 जानेवारी, 1 मे व 2 ऑक्टोबर या भरपगारी सुट्टीच्या दिवशी मी काम केले. त्याचा दुप्पट पगार व बदली सुट्टी मिळालेली नाही. 15 ऑगस्ट या दिवसाचा पगार कापला आहे. सप्टेंबर महिन्यात आजारपणाच्या 11 दिवसांचा पगार माझी रजा शिल्लक असूनही कापला आहे. कृपया 15 दिवसांत ही रक्कम द्यावी व माझ्या शिल्लक रजेचा हिशेब लेखी कळवावा, ही विनंती."

एवढंच. धमकी नको, कलमांची यादी नको, कुणाला बोल लावणंही नको. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. ऑफिसातल्या माणसाने शिक्का मारायला नकार दिला तर हुज्जत घालू नका, पोस्टाने पाठवा. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, म्हणून स्पीड पोस्टने पाठवून पोहोचल्याचा पुरावा घ्या आणि पावती जपून ठेवा.

अर्ज देण्याच्या आधी पुरावे गोळा करा, नंतर नाही. एकदा अर्ज गेला की व्हॉट्सॲप ग्रुपमधून तुम्हाला काढून टाकतील. "उद्या 1 मे, दुकान चालू आहे, सर्वांनी 9.30 ला हजर राहावे" हा ग्रुपवरचा मेसेज तुमच्यासाठी सोन्याचा आहे. स्क्रीनशॉट काढाच, पण फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. न्यायालयात असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन असला की ते काम सोपं होतं. बँक पासबुकाच्या नोंदी, पीएफ पासबुक, पगाराच्या स्लिपा, डेंग्यूचा रिपोर्ट, शाळेच्या ध्वजवंदनाची सूचना, सगळं एका फाइलीत लावा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार द्या. शक्य असेल तर एकटीच्या नावाने देऊ नका. काउंटरवरच्या चार-पाच जणी मिळून गेलात, तर एकीला वेगळं काढणं मालकाला अवघड जातं आणि अधिकारीही मस्टर मागवायला तयार होतो. दुकाने अधिनियमाच्या भंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पुष्कळ प्रकरणं तारखेला दोघांना समोरासमोर बसवल्यावर तिथेच मिटतात.

तिथे मिटलं नाही तर वेतन संहितेच्या कलम 45 खाली दावा. त्यात अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. आणि त्याच संहितेच्या कलम 59 प्रमाणे पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. मुदतीबद्दल सावध राहा. संहितेत तीन वर्षं आहेत, पण जुन्या वेतन प्रदान कायद्यात 12 महिनेच होती आणि तुमची कपात संहिता लागू होण्याच्या आधीची आहे. समोरचा वकील जुन्या मुदतीवर बोट ठेवेल. हा वादच नको, म्हणून प्रत्येक कपातीला वर्ष पूर्ण व्हायच्या आत दावा दाखल करा.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात आधार कार्ड आणि ही फाइल घेऊन जा, किंवा 15100 वर फोन करा.

राहिली नोकरीची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तक्रार केल्यावर माणसाला त्रास देतात, हे मी बघितलं आहे: काउंटर बदलतात, गोदामात बसवतात, उशिराचे खाडे धरतात. पण सहा वर्षं सलग काम केलेल्या कामगाराला उद्यापासून येऊ नका असं सांगता येत नाही. एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. गैरवर्तनाचा ठपका ठेवायचा तर चौकशी करावी लागते. पाच वर्षं पूर्ण झाल्याने ग्रॅच्युइटीचा हक्कही तुमचा झाला आहे. म्हणून अर्ज दिल्यानंतर रोज वेळेवर थंब मारा. कामात एकही चूक काढता येणार नाही असं वागा. तोंडी "घरी जा" म्हटलं तर त्याच दिवशी मेसेज टाका: "मी आज कामावर आले होते, मला परत पाठवलं." आणि कोणत्याही परिस्थितीत राजीनामा लिहून देऊ नका, "हिशेब करून देतो, फक्त इथे सही करा" असं म्हटलं तरी.

पोच मिळाली की मला कळवा. उत्तर आलं तर त्याची प्रत पाठवा, पुढचा अर्ज आपण बसून लिहू.