मोल काढता येतात, पण पुढे लिमिटिंग रिएजंट ओळखताना दर वेळी चुकतं. काय करू?

प्रत्येक अभिकारकाच्या (अभिक्रियेत घातलेल्या पदार्थाच्या) मोलला समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने, म्हणजे त्याच्या आधी लिहिलेल्या आकड्याने, भागा. ज्याचा आकडा सर्वांत लहान, तो लिमिटिंग, म्हणजे आधी संपणारा. अभिकारक तीन असले तरी हेच करायचं.

याच भागाकारापायी अकरावीत माझे पाच गुण गेले होते, म्हणून सविस्तर लिहितो. गणित होतं: २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ५ ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया किती मिळेल? मोल आले १ आणि २.५. समीकरण N₂ + 3H₂ → 2NH₃, म्हणून सहगुणक १ आणि ३. भागल्यावर १ आणि ०.८३३, म्हणजे आधी हायड्रोजन संपणार. अमोनिया त्या ०.८३३ च्या दुप्पट, १.६७ मोल, २८.३ ग्रॅम. सरांनी अख्ख्या गणितावर फुली मारली. म्हणाले, "मोल कोणाचे कमी? नायट्रोजनचे. मग लिमिटिंग तोच. उत्तर ३४ ग्रॅम." मी म्हटलं, सर, एक मोल नायट्रोजनला तीन मोल हायड्रोजन लागतो, आपल्याकडे अडीचच आहे. तर म्हणाले, ही भागायची पद्धत पुस्तकात नाही, खाली बस.

"मोल कमी तो लिमिटिंग" हा नियमच नाही. सहगुणक सारखे असतील तेव्हाच तो हमखास जुळतो. तुमचंही बहुधा इथेच चुकत असणार. दोन्ही अभिकारकांपासून उत्पादित वेगवेगळं काढून तुलना करायची पद्धत बरोबर आहे, पण परीक्षेत तेवढा वेळ घालवायची गरज नाही.

समीकरण आधी संतुलित हवं, हे सांगायला नको. मात्र ०.८३३ हे हायड्रोजनचे मोल समजू नका. तो आकडा उत्पादिताच्या सहगुणकाने गुणायचा असतो. आणि ही अभिक्रिया प्रत्यक्षात दोन्ही दिशांनी चालते, त्यामुळे हायड्रोजन पूर्ण संपत नाही, २८.३ ही वरची मर्यादा झाली.

उत्तर आलं की उरलेलं धरून वस्तुमानाची बेरीज नक्की करा. इथे नायट्रोजन ४.७ ग्रॅम उरतो, २८.३ अधिक ४.७ बरोबर ३३. मला ही बेरीज त्या दिवशी घरी आल्यावर सुचली. सरांचं उत्तर ३४ ग्रॅम होतं आणि भांड्यात घातलेलं सगळं मिळून ३३.