वाचकांचे प्रश्न : अंडरग्राउंड हिप-हॉपमधील कोणते अल्बम ऐकावेत?

प्रश्न : मी बोरिवलीला राहते आणि नोकरीसाठी रोज लोकलने चर्चगेटला जाते. माझे आजवरचे ऐकणे म्हणजे भावगीते, नाट्यपदे आणि जुनी हिंदी चित्रपटगीते. अकरावीत शिकणारा माझा मुलगा रात्रंदिवस रॅप ऐकतो. 'हे नुसते भराभर बोलणे आहे' असे मी म्हटले, की त्याचे उत्तर ठरलेले असते : 'आई, तू जाहिरातीतला रॅप ऐकतेस. अंडरग्राउंड ऐक, मग बोल.' त्याने मला चाळीस नावांची यादी दिली आहे आणि त्यांतील एकही नाव माझ्या ओळखीचे नाही. इंग्रजी मी सहज वाचते, पण वेगाने बोललेले कानाला पकडता येत नाही. अंडरग्राउंड म्हणजे नेमके काय, आणि माझ्यासारखीने कोठून सुरुवात करावी?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : चाळीस नावांची यादी आपण तूर्त पर्समध्येच राहू द्यावी. यादी देणारा मुलगा त्या संगीतात तीन-चार वर्षे मुरलेला आहे आणि आपल्याला पहिले पाऊल टाकायचे आहे. दोघांच्या गरजा सारख्या नाहीत. मी चार-पाच अल्बमच सुचवणार आहे.

'अंडरग्राउंड'चे मराठी 'भूमिगत' असे केले, की आपल्या डोळ्यांपुढे बेचाळीसचे कार्यकर्ते उभे राहतात. येथे मात्र कोणी लपलेले नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत रॅपची विक्री वाढत गेली, तसा त्याचा मोठा हिस्सा बड्या कंपन्यांच्या हाती गेला आणि रेडिओवर वाजेल असे ध्रुवपद, नाचता येईल असा ठेका, अशा अपेक्षा कलावंतांवर लादल्या जाऊ लागल्या. ज्यांना त्या मान्य नव्हत्या, त्यांनी छोट्या लेबलांचा, म्हणजे अल्बम काढणाऱ्या छोट्या कंपन्यांचा, आणि महाविद्यालयीन रेडिओचा आसरा घेतला. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर १९९० ते १९९८ या काळात रात्री उशिरा चालणारा स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो यांचा कार्यक्रम हा असाच एक अड्डा होता, आणि त्यातील बॉबिटो गार्सिया यांनी पुढे स्वतःचे छोटे लेबलही काढले. तेव्हा अंडरग्राउंड हा आवाजाचा प्रकार नाही. अल्बममध्ये काय राहील आणि काय जाईल हे कोण ठरवते, एवढाच तो प्रश्न आहे. अर्थात या शब्दाचे सोवळेही फार पाळू नये, कारण या चळवळीचे माहेरघर मानले गेलेले रॉकस हे लेबल सुरू झाले, तेव्हा त्यामागे माध्यमसम्राट रुपर्ट मर्डोक यांच्या मुलाचा पैसा होता.

आता 'नुसते भराभर बोलणे' या आपल्या तक्रारीविषयी. मराठीत रॅपचा विषय निघाला, की कोणीतरी पोवाड्याचे नाव घेतेच. मला मात्र हे अल्बम ऐकताना शाहिरांपेक्षा मोरोपंत अधिक आठवतात. ज्या कवीने एकशे आठ रामायणे रचली आणि त्यांतील एक ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असे 'निरोष्ठ' केले, त्याला कॅलिफोर्नियातील ब्लॅकॅलिशस या जोडीचे १९९९ चे 'अल्फाबेट एरोबिक्स' हे गाणे ऐकवता आले असते, तर त्याने मान डोलावली असती असे मला खात्रीने वाटते. कारण त्यात गिफ्ट ऑफ गॅब हा रॅपर इंग्रजी मुळाक्षरे क्रमाने घेऊन एकेका अक्षराच्या अनुप्रासाने ओळी बांधत जातो आणि प्रत्येक अक्षरागणिक ठेका वाढत जातो. हे लिहिलेले काव्य आहे. आपण इंग्रजी वाचू शकता, ही म्हणूनच आपली जमेची बाजू आहे. गाण्यांचे शब्द इंटरनेटवर, विशेषतः 'जीनियस' या संकेतस्थळावर, सहज मिळतात. पहिल्यांदा ते समोर ठेवून ऐकावे आणि दुसऱ्यांदा फोन पर्समध्ये टाकावा.

सुरुवातीसाठी माझी निवड एसॉप रॉक यांचा 'लेबर डेज' ही आहे. २००१ साली डेफिनिटिव्ह जक्स या न्यूयॉर्कच्या लेबलने तो काढला, आणि त्यातील बहुतेक संगीत ब्लॉकहेड या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचे आहे. नावातच विषय आला : काम. पोटासाठी केलेले काम आणि स्वतःसाठी केलेले काम यांतील ओढाताण हा अल्बम निरनिराळ्या बाजूंनी मांडतो. '९–५र्स अँथम' हे गाणे तर नावापासूनच नऊ ते पाच नोकरी करणाऱ्यांचे आहे, सकाळची ८.१०ची फास्ट पकडणाऱ्या कोणालाही त्याचे भाषांतर लागणार नाही. पण आपण आधी 'नो रिग्रेट्स' हे एकच गाणे ऐकावे. त्यात लूसी नावाची मुलगी आहे. सात वर्षांची असताना ती खडूने चित्रे काढते, सदतीसाव्या वर्षीही चित्रेच काढते, लोक तिला विक्षिप्त समजतात, आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी मरणशय्येवर असतानाही तिला कशाची खंत नसते. कथा सरळ आहे, वेग मध्यम आहे, शब्द स्पष्ट आहेत. मी हे गाणे प्रथम ऐकले ते एका मित्राने उतरवून दिलेल्या सीडीवर, दादरच्या आमच्या खोलीत, आणि ते संपल्यावर आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नव्हतो. उरलेला अल्बम याहून अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवतो. २०१४ मध्ये रॅपरांच्या शब्दसंग्रहाची एक मोजणी प्रसिद्ध झाली होती. प्रत्येकाच्या पहिल्या ३५ हजार शब्दांत निरनिराळे शब्द किती, हे तीत मोजले होते आणि एसॉप रॉक सात हजारांहून अधिक शब्दांनिशी सर्वांच्या पुढे होते. तेव्हा सगळे कळले नाही तर वाईट वाटून घेऊ नये. मोरोपंतांच्या आर्याही आपल्याला पहिल्या वाचनात कोठे उलगडतात?

दुसरा अल्बम 'मॅडव्हिलनी' (२००४). एमएफ डूम हे रॅपर आणि मॅडलिब हे संगीतकार यांच्या जोडीने 'मॅडव्हिलन' या नावाने तो केला. बावीस तुकडे, एकूण सुमारे ४६ मिनिटे, म्हणजे बोरिवलीला बसलात तर चर्चगेटच्या थोडे अलीकडेच संपेल. ध्रुवपदे जवळजवळ नाहीत. एखादी कल्पना दोन मिनिटांत सुचते, फुलते आणि पुढच्याला जागा करून देते, ही त्याची रीत आहे. लयीचा कान असलेल्याला तिची सवय लवकर होते. डूम यांची कहाणी येथे सांगितलीच पाहिजे. ते आणि त्यांचे धाकटे भाऊ केएमडी या गटात होते. १९९३ मध्ये भावाचा मृत्यू झाला, आणि त्यांचा तयार असलेला दुसरा अल्बम मुखपृष्ठावरील वादग्रस्त चित्रामुळे कंपनीने पुढच्याच वर्षी अडवून ठेवला. काही वर्षे ते दिसेनासे झाले. परतले ते चेहरा झाकून, आधी स्त्रियांचा मोजा ओढून आणि पुढे धातूचा मुखवटा घालून, चित्रकथेतील खलनायकाचे सोंग घेऊन. 'मॅडव्हिलनी'चा कच्चा खर्डा प्रकाशनाच्या बराच आधी फुटून इंटरनेटवर पसरला होता. त्यानंतर डूम यांनी आपला आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित केला आणि तो आधीपेक्षा शांत, जरा जड ठेवला. आज आपण ऐकतो तो संथ, झोपाळल्यासारखा स्वर अशा प्रकारे आला. ओळीच्या शेवटचे यमक सोडून ओळीच्या पोटातली यमके मोजत गेलात, तर हा मनुष्य काय करतो आहे ते कळेल. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी ते गेले आणि ती बातमी कुटुंबाने दोन महिन्यांनी जाहीर केली.

कॅनिबल ऑक्स या जोडीचा 'द कोल्ड व्हेन' (२००१) आपल्या मुलाच्या यादीत नक्की असेल. तो थोर आहे, पण त्याने सुरुवात करू नये. एल-पी या संगीतकाराचे संगीत थंड, यांत्रिक, कानाला टोचणारे आहे आणि हार्लेममधील दोन तरुण त्यावर शहराचे वर्णन करतात. त्यात कबुतर वारंवार येते : घाणीत जगणारे, कोणाला नको असलेले, तरी शहर न सोडणारे. शेवटच्या गाण्यात कबुतर आहे, आणि ते संपल्यावर यादीत न छापलेले आणखी एक गाणे लागते, ते राखेतून उठणाऱ्या फिनिक्सचे. कबुतरखान्याच्या बाजूने रोज जाणाऱ्या मुंबईकराला यातील पक्षी परका वाटणार नाही. तीन-चार महिन्यांनी, शक्यतो पावसाळ्यात ऐकावा.

स्त्रीचा आवाज ऐकावासा वाटला, तर शिकागोच्या नोनेम यांचा 'टेलिफोन' (२०१६) घ्यावा. सार्वजनिक ग्रंथालयाच्या युवा-उपक्रमातून आणि काव्यवाचनाच्या मंचावरून आलेली ही कवयित्री कुजबुजल्यासारखे बोलते. हा अल्बम तिने स्वतःच काढला आणि इंटरनेटवर विनामूल्य दिला. तो अर्ध्या तासाच्या आसपास संपतो आणि भावगीत ऐकलेल्या कानाला सर्वांत कमी खटकतो. बालपण, शेजार आणि शहरातील तरुणांचे मृत्यू हे विषय त्यात इतक्या हलक्या आवाजात येतात, की त्यांचे वजन नंतर जाणवते.

शेवटचे नाव 'का' या रॅपरचे. नावच एकाक्षरी आहे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात ते अधिकारी होते, ब्रुकलिनमधील ब्राउन्सव्हिल येथे वाढले, नोकरी सांभाळून बहुतेक संगीत स्वतःच करत आणि अल्बमही स्वतःच विकत. 'द नाइट्स गॅम्बिट' (२०१३) मध्ये बुद्धिबळाची प्रतिमा सर्वत्र भिनलेली आहे. ठेका जवळजवळ नाहीच. शेजारी बसून हळू आवाजात कोणी आपली हकिगत सांगावी तसे ते बोलतात. गर्दीच्या डब्यात ते ऐकूही येणार नाही, रात्री घरी ऐकावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एक सूचना. यांतील बऱ्याच गाण्यांत शिव्या आहेत. मुलासमोर स्पीकरवर लावायचे की नाही, हे आपण दोघांनी ठरवावे. त्याने त्या आधीच ऐकलेल्या आहेत.

प्रश्न : परदेशी नावे पुरे झाली. मुंबईतील आणि भारतातील अंडरग्राउंड अल्बम सांगा.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, परळ

उत्तर : मुंबईच्या गली रॅपची, म्हणजे गल्ली-वस्त्यांतून आलेल्या रॅपची, एक अडचण अशी, की तो सुरुवातीला अल्बमच्या रूपाने आलाच नाही. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझी याने आयपॅडच्या साहाय्याने केलेले 'आफत', किंवा पुढच्या वर्षी त्याने अंधेरीच्या डिव्हाइनसोबत केलेले 'मेरे गली में', ही सुटी गाणी होती आणि ती यूट्यूबवरून पसरली. त्यामुळे अल्बमच हवा असेल, तर मी आपल्याला दिल्लीला पाठवतो, याचा राग मानू नये. प्रभ दीप यांचा 'क्लास-सिख' (२०१७) पंजाबीत आहे आणि टिळकनगरविषयी आहे. चेंबूरजवळच्या आपल्या नव्हे, पश्चिम दिल्लीतल्या. वस्तीतील नशा आणि जवळच्यांचे मृत्यू त्यात कोणताही आव न आणता येतात. त्याचे संगीत सेझ ऑन द बीट यांचे, आणि 'सीधे मौत' या जोडीच्या 'बयान' (२०१८) या अल्बमचेही. दोन्ही अल्बम आझादी रेकॉर्ड्सने काढले. याच लेबलने २०१९ मध्ये श्रीनगरच्या अहमर यांचा 'लिटल किड, बिग ड्रीम्स' काढला, आणि तिघांत तोच मला सर्वाधिक अस्वस्थ करतो.

मुंबईपुरते बोलायचे, तर 'स्वदेसी' या गटाकडे लक्ष द्यावे. निरनिराळ्या भाषांत रॅप करणारी ही मंडळी आहेत. एमसी मवाली आणि अमरावतीचा सौरभ, म्हणजे '१००आरबीएच', मराठीत करतात, आणि एमसी तोडफोड गुजरातीत करत असे. तो २०२२ मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी गेला. आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत त्यांनी २०१९ मध्ये केलेले 'द वारली रिव्होल्ट' हे एकच गाणे आहे, अल्बम नव्हे, तरी मी ते वरील तिन्ही अल्बमांच्या पंक्तीला बसवीन.

प्रश्न : हे लोक दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे कापून आपले संगीत करतात. याला चोरी का म्हणू नये? मी निवृत्त शिक्षक असून जुन्या चित्रपटसंगीताचा संग्राहक आहे.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : न्यायालयानेही तसेच म्हटले आहे. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओ'सुलिव्हन यांच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी व पैसे मोजणे भाग पडले. ज्यांच्याजवळ पैसे नव्हते, त्यांतील अनेकजण कोणाला ओळखू न येणाऱ्या जुन्या तबकड्या धुंडाळू लागले आणि तुकडे इतके बारीक चिरू लागले, की मूळ गाणे सापडणे कठीण व्हावे. कायद्याच्या दृष्टीने यात पळवाट आहे, हे मान्य. परंतु डीजे शॅडो यांचा 'एन्ट्रोड्यूसिंग' (१९९६) जवळजवळ पूर्णपणे अशा तुकड्यांतून उभा राहिला आहे, आणि डेट्रॉइटचे जे डिला यांनी आजारपणात हातावेगळा केलेला 'डोनट्स' हा ३१ छोट्या तुकड्यांचा शब्दहीन अल्बम ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्यांच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, निघाला. तीन दिवसांनी ते गेले. हे दोन्ही ऐकून मग चोरीचा निवाडा आपणच करावा.

आपल्यासाठी मात्र मी मुद्दाम एक वेगळे नाव राखून ठेवले आहे. 'मॅडव्हिलनी'चे संगीतकार मॅडलिब यांनी २००७ मध्ये 'बीट कंडक्टा इन इंडिया' हा अल्बम काढला, तो भारतीय चित्रपटसंगीताच्या तबकड्या चिरून. कोठे वाद्यवृंदाचा एखादा झोत, कोठे गाण्याआधीचे दोन शब्द, कोठे अर्धवट तुटलेला आलाप. तो सुरू करताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी आणि ओळखू येतील तेवढी मूळ गाणी लिहून काढावीत. आपली यादी पूर्ण झाली, की या सदराकडे जरूर पाठवावी. माझी अजून अर्धीच झाली आहे.