पाय सुजला आहे. रक्ताची गुठळी असेल की जंतुसंसर्ग?

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी आला की त्याच्या घरच्यांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. लालबागच्या चाळीत राहणाऱ्या एका सूनबाईंनीही तोच विचारला. सासूबाईंचा खुबा बदलून 12 दिवस झाले होते आणि सूनबाई रात्रीतून चार-चार वेळा उठून त्यांचा पाय चाचपत होत्या.

“मॅडम, पोटरी गरम लागली की गुठळी वाटते, टाक्यांकडे पाहिले की इन्फेक्शन वाटते. आईंना काय झाले आहे हे मी कसे ओळखू?”

“ते तुम्हीच ओळखायला हवे, असे का वाटते?”

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “बाबांच्या वेळी मला कळले नव्हते.”

चार भेटींतला हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यांची रात्रपाळी सासूबाईंसाठी कमी आणि वडिलांसाठी अधिक होती. भीतीला नेमके काम नेमून दिले की ती आवरते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. म्हणून कशावर लक्ष ठेवायचे आणि काय दिसले तर काय करायचे, हे सर्जनांना विचारून लिहून ठेवण्यासाठी आम्ही एक वही सुरू केली.

शस्त्रक्रियेच्या पायाची सूज काही आठवडे राहू शकते आणि पाय उंच ठेवून झोपल्यावर सकाळी बहुधा उतरते. न उतरणारी, एका पोटरीत किंवा मांडीत नव्याने आलेली दुखरी सूज गुठळीची शंका आणते. जखमेभोवती पसरणारी लाली, कोरड्या जखमेतून पुन्हा येणारा स्राव, कमी होत आलेले खुब्याचे दुखणे वाढणे किंवा थंडी वाजून 38 अंश सेल्सिअसवर गेलेला ताप जंतुसंसर्गाकडे बोट दाखवतो. तरीही लाली आणि ऊब दोन्हींत असते, गुठळीतही बारीक ताप येऊ शकतो. निवाडा डॉपलर सोनोग्राफी (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) आणि रक्ततपासणी यांसारख्या तपासण्यांनीच होतो. म्हणून यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, असे ठरले. एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर थेट 108. तेल लावून पाय चोळणे, घरातली उरलेली अँटिबायोटिक देणे आणि रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करणे, या तिन्ही गोष्टी वर्ज्य. (चोळण्याचा आग्रह शेजारणींकडून हमखास होतो.)

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी शस्त्रक्रिया न झालेल्या पायाची पोटरी मापात 3 सेंटिमीटरने वाढलेली दिसली. गुठळी त्याही पायात होऊ शकते, हे वहीत लिहिलेले होते. त्यांनी लगेच फोन केला. डॉपलरमध्ये गुठळी आढळली आणि दुपारपर्यंत उपचार सुरू झाले. पुढच्या तीन महिन्यांच्या औषधांसाठी त्यांनी आता दुसरी वही घेतली आहे.