अहवालाआधी खरेदीचं मागणीपत्र गाठा

कारखान्यात नव्याने अर्गोनॉमिस्ट, म्हणजे काम माणसाच्या शरीराला जुळवून देणारा तज्ज्ञ, म्हणून लागलात, जुळणीच्या लाइनवरच्या बायकांचे खांदे दुखतात, रूलाचा (काम करताना शरीर किती अवघडतं ते गुणांत मोजणारी तपासणी) स्कोअर ७, म्हणजे सर्वांत वाईट आला आणि वरून उत्तर मिळालं, "त्यांना नीट उभं राहायचं ट्रेनिंग द्या." तुमचं हे वाचून चाकणचे दिवस आठवले. रूला कसा भरायचा ते तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

मला सर्वांत महागात पडला तो तिथला खरेदी विभाग. कंपनीचं नाव घेत नाही. उभ्याने हलकी जुळणी करताना हात कोपराच्या १०-१५ सेंमी खाली चालावेत, आणि एकाच जागी सकाळी पाच फुटांची बाई, रात्री पावणेसहा फुटांचा मुलगा. म्हणून उंची कमी-जास्त होणारी टेबलं सुचवली. साहेबांची सहीसुद्धा झाली. खरेदीने तेवढे शब्द गाळून दरपत्रकं मागवली आणि सर्वांत स्वस्त टेबलं उचलली. सगळी एकाच उंचीची! बायका उलट्या क्रेटवर उभ्या राहून काम करू लागल्या. एकीचा पाय घसरून घोटा मुरगळला, तर नोंदीत कारण लिहिलं 'कामगाराचा निष्काळजीपणा'. त्या ओळीचा मला आजही संताप येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, प्रत्येक कंपनीत जमेलच असं नाही: अहवाल नंतर लिहा, आधी मागणीपत्रात घुसा. किमान उंची, कमाल उंची, आणि 'कामगाराला अवजाराशिवाय बदलता यावी' हे तिथे लिहून घ्या. माल उतरवताना तपासणीवर तुमची सही असल्याशिवाय बिल पास होऊ नये. सुरुवातीला एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्था) १९९७ साली छापलेली भारतीय शरीरमापं वापरा, पण आपल्या लाइनवरच्या माणसांची कोपराची उंचीही मोजा, आणि ती सेफ्टी शूज घालूनच. ज्यांचं दुखणं आधीच मुरलंय त्यांना डॉक्टरांकडे पाठवा, ते टेबलाने बरं होईल असं मी म्हणणार नाही.

जाता जाता, ओझं उचलण्याबद्दल कुणी "२३ किलोपर्यंत चालतं" म्हणालं तर ऐकू नका. नायॉश या अमेरिकी कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेच्या सूत्रातले २३ किलो सगळं आदर्श असतानाचे, म्हणजे ओझं अंगापासून २५ सेंमीवर वगैरे. तेच ५० सेंमीवर धरलं की मर्यादा निम्मी, साडेअकरा. त्यामुळे सुट्या भागांसाठी खोल बिन मागवत असतील, ज्यात लांब वाकून ओझं उचलावं लागतं, तर तेही मागणीपत्र आत्ताच बघून घ्या.