चरबीचा भाव, टनाचा हिशेब आणि तुमचे प्रश्न

म्हापशाहून एक ताई विचारतात: मी घरी साबण करते. ऑस्ट्रेलियाचं टॅलो (गाई-मेंढ्यांची वितळवलेली चरबी) नेटवर स्वस्त दिसतंय, थोडं मागवलं तर ड्युटी किती लागेल?

ताई, ड्युटीचा प्रश्न येतच नाही, कारण भारतात टॅलोची आयातच बंद आहे. 1983 साली वनस्पती तुपात बाहेरून आणलेली गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं, तेव्हापासून हे दार लागलंय. गंमत म्हणजे कस्टम्सच्या टॅरिफ पुस्तकात टॅलोच्या 1502 या कोडसमोर ड्युटीचा दर छापलेला असतो, तो बघून लोक फसतात आणि ऑर्डर देऊन मोकळे होतात. आधी आयात धोरणाचा कॉलम बघायचा, तिथे प्रोहिबिटेड, म्हणजे बंदी, दिसलं की विषय संपला. साबणाला कडकपणा हवा असेल तर पाम स्टिअरिन, म्हणजे पामतेलाचा घट्ट भाग, घ्या, ते इथे आरामात मिळतं.

मडगावचा कॉमर्सचा विद्यार्थी: प्रोजेक्टसाठी अमेरिकेच्या टॅलो आयातीची व्हॅल्यू भागिले टन केलं, तर दोन महिन्यांत भाव एकदम उडाला. बाजारात तर तशी काही बातमी नव्हती?

अरे, तू काढलास तो भाव नव्हे, सरासरी आहे. हे बघ, समजा एका महिन्यात 900 टन साबणाच्या ग्रेडचा माल 900 डॉलरने आला आणि 100 टन खाण्याच्या ग्रेडचा 1400 ने, सरासरी आली 950. पुढच्या महिन्यात दोन्ही 500-500 टन आले, भाव तेच, पण सरासरी 1150! एक पैसा महाग झालं नाही तरी तुझा ग्राफ 21 टक्के वर. म्हणून आधी मालाचा कस्टम्स कोड जितक्या उपप्रकारांत फोडता येईल तितका फोड, मग देश वेगळे कर, कारण ब्राझील आणि कॅनडाचा माल एकाच गठ्ठ्यात घातला तर मिश्रण बदललं की आकडा नाचतो.

दुसरी भानगड म्हणजे बेसिस, किमतीत काय काय धरलंय ते. अमेरिकेची कस्टम्स व्हॅल्यू जहाजभाडं आणि विमा सोडून असते, भारताची किंवा युरोपची आयात सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून. दोन्ही एका टेबलात टाकून कोण महाग घेतो हे ठरवलंस तर एक्सटर्नल येणारा मास्तर पहिला प्रश्न तोच विचारणार बघ. आणि ब्राझीलची निर्यात व अमेरिकेची आयात जुळली नाही म्हणून घाबरू नको, जहाज एका महिन्यात निघतं, दुसऱ्या महिन्यात लागतं.

फोंड्याहून: अमेरिकेला एवढी चरबी लागते कशाला, साबण तर किती करणार?

साबण नाही ओ, डिझेल. रिन्यूएबल डिझेलच्या रिफायनऱ्या टॅलो, वापरलेलं तेल, जे मिळेल ते ओढतात, कारण टाकाऊ चरबीपासून केलेल्या इंधनाला कार्बनचे गुण जास्त मिळतात आणि त्या गुणांचेच पैसे होतात. म्हणून आता टॅलोचा भाव जितका पामतेलावर, तितकाच वॉशिंग्टनच्या कायद्यांवर हलतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ब्राझीलच्या बऱ्याच मालावर 50 टक्के टॅरिफ लागलं होतं, आणि 2026 पासून तिथली टॅक्स क्रेडिट, म्हणजे करातली सूट, फक्त अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोच्या कच्च्या मालावर केलेल्या इंधनालाच. माझ्या मते यापुढे बीफपेक्षा ही क्रेडिट बघणाऱ्याला भाव लवकर कळेल.

सावर्ड्याहून: चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) महागलं ते यामुळेच का?

नाही. त्यातली चरबी इथल्याच डुकराची, भाव इथलाच.

बेतूलचे एक ट्रॉलरवाले बाब: 2023 मध्ये फिश ऑइल महागलं म्हणे, मग माशाचं तेल काढणाऱ्या मिलवाल्याने आमच्या तारल्याला (सार्डिनला) जास्त पैसे का दिले नाहीत?

बाब, महागलं खरं, पेरूने एल निन्योमुळे (तिथला समुद्र तापतो त्यामुळे) त्या वर्षी अँचोवी या छोट्या माशाचा पहिला सीझनच रद्द केला आणि फिश ऑइलचा मोठा पुरवठादार तोच. पण मिल तुम्हाला ओल्या माशाच्या किलोवर पैसे देते, तेलावर नव्हे. तारल्यात चरबी पावसाळ्यानंतर भरते, बाकी महिन्यांत त्याच किलोमधून तेल कमीच निघतं, आणि निघालेल्या तेलाला ओमेगा-3 किती, आम्ल किती यावर दर लागतो. म्हणून चरबीच्या महिन्यांत दोन-चार बोटवाल्यांनी मिळून सॅम्पल लॅबला पाठवा, तेलाचा टक्का कागदावर घ्या आणि मगच दर बोला.