पोलंडमधली ‘ग्मिना’ म्हणजे आपली ग्रामपंचायत का? आणि नोवी तार्ग नावाच्या दोन ग्मिना कशा?

नाही, ग्रामपंचायतीपेक्षा ग्मिना मोठी असते. अनेक गावांचं मिळून, किंवा एखाद्या शहराचं, एक कार्यालय आणि एक निवडून आलेली परिषद. तुम्हाला नकाशावर दोनदा दिसलेलं नोवी तार्ग हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. क्राकुफला राहत असल्यामुळे त्या भागात माझं जाणं-येणं असतं.

नोवी तार्ग शहर ही स्वतंत्र ग्मिना आहे. त्याच्या पश्चिमेची, उत्तरेची आणि पूर्वेची २१ गावं मिळून दुसरी, ग्रामीण ग्मिना होते. नाव तेच, शहर मात्र तिच्यात नाही. तरीही तिचं कार्यालय शहरातच आहे! म्हणजे त्यातल्या वाक्समुंद गावच्या शेतकऱ्याला कागदपत्रांसाठी हद्द ओलांडून जावं लागतं. अशा ग्मिनेला तिथे ‘ओब्वाझानेक’ म्हणतात. क्राकुफच्या रस्त्यांवर मिळणाऱ्या, मधे भोक असलेल्या कडक पावाचं हे नाव.

ग्रामीण ग्मिनेच्या प्रमुखाला ‘वुइत’ म्हणतात. २००२ पासून लोक त्याला थेट मतदानाने निवडतात. गावपातळीवर ‘सोवतिस’ असतो, तोही गावसभेत निवडला जातो. त्याच्या घरावर बहुधा लाल पाटी असते. मला तो आपल्या सरपंचापेक्षा जास्त जवळचा वाटला, कारण त्याच्या हाती सत्ता फारशी नसते. रस्त्याचा दिवा बंद पडला की लोक त्याचंच दार वाजवतात आणि तो वुइतच्या कार्यालयात खेपा घालतो.

भूगोल सांगायचा तर काळी दुनायेत्स आणि पांढरी दुनायेत्स या दोन नद्या नोवी तार्ग शहरात एकत्र येतात आणि पुढे दुनायेत्स नदी पूर्वेला वाहते. तिच्या वाटेवर देंब्नो गाव लागतं. तिथलं लाकडी चर्च २००३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आग्नेयेला नोवा ब्यावा, क्रेम्पाखी आणि दुर्श्तिन ही स्पिश प्रदेशातली गावं, पूर्वी हंगेरीकडे होती आणि १९२० मध्ये पोलंडला मिळाली. नोवा ब्यावात जमिनीचे पट्टे इतके अरुंद की घरामागे कोठार, कोठाराला लागून शेजाऱ्याचं कोठार. जून २०२१ मध्ये आग लागली तेव्हा ती एकातून दुसऱ्यात पसरत गेली आणि चाळीसेक इमारतींना झळ बसली. तिथली ती चिकटून उभी असलेली कोठारं पाहिली की आग इतकी का पसरली हे वेगळं सांगावं लागत नाही.

या ग्मिनेच्या वर पोव्यात, म्हणजे साधारण आपला तालुका, आणि त्याच्या वर मावोपोल्स्का प्रांत.