परदेशात राहणारे इराणी १९७९ च्या इस्लामी क्रांतीपूर्वीच्या काळाची एवढी आठवण काढतात, तर मग क्रांती केली कोणी?

प्रश्न विचारताना आपण सत्तरच्या दशकातील तेहरानच्या रस्त्यावरून आखूड स्कर्ट घालून चाललेल्या मुलींचे ते सुपरिचित छायाचित्र जोडले आहे आणि विचारले आहे की, तो काळ खरोखरच इतका चांगला होता काय आणि असल्यास लोकांनी तो हाताने का घालवला. हेच छायाचित्र आमचे मेहुणे दर फेब्रुवारीत, क्रांतीच्या वर्धापनदिनाच्या सुमारास, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात आणि खाली लिहितात, 'यांना सुख दुखत होते.' या एका वाक्यावरून त्यांचा आणि माझा वाद बरीच वर्षे चालू आहे. त्यामुळे उत्तरात कुठे कडवटपणा आला, तर तो आपल्यासाठी नाही असे समजावे.

छायाचित्र खोटे नाही, पण ते शहराच्या एका भागाचे आणि एका वर्गाचे आहे. १९७६ च्या जनगणनेत इराणमधील निम्म्याहून अधिक लोक निरक्षर होते आणि स्त्रियांमध्ये तर जेमतेम एक-तृतीयांश साक्षर होत्या. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले, पैशाचा पूर आला, त्यामागून महागाई आली, आणि शेती सोडून दक्षिण तेहरानच्या झोपड्यांत येऊन राहिलेल्या माणसाला तो पूर लांबूनच दिसला. राजकारणाबद्दल तर बोलायलाच नको. तेलाचे राष्ट्रीयीकरण करणाऱ्या पंतप्रधान मोसद्देग यांचे सरकार १९५३ मध्ये अमेरिकी आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्यांच्या मदतीने उलथवले गेले होते आणि ती जखम कोणी विसरले नव्हते. १९७५ मध्ये शाहने, म्हणजे इराणच्या राजाने, सर्व पक्ष मोडून रस्ताखीझ हा एकच पक्ष ठेवला आणि ज्याला तो मान्य नसेल त्याने खुशाल देश सोडावा, असे जाहीरपणे सांगितले. पुढच्या वर्षी हिजरीऐवजी प्राचीन सम्राट सायरसपासून वर्षे मोजणारी दिनदर्शिका आणली आणि १३५५ साल चालू असताना लोकांनी ते २५३५ म्हणून लिहावे असे फर्मान निघाले. पक्ष, वृत्तपत्रे, कामगार संघटना यांपैकी काहीही धड उरू न दिल्यावर गावोगाव पसरलेले मशिदींचे जाळे तेवढे शिल्लक राहिले, आणि क्रांतीचे नेते ठरलेले धर्मगुरू खोमेनी यांच्या भाषणांच्या ध्वनिफिती त्याच जाळ्यातून घरोघरी पोहोचल्या. ज्यांना सुख दुखते ते लोक मशीनगनसमोर उभे राहत नाहीत. ८ सप्टेंबर १९७८ रोजी तेहरानच्या जाले चौकात सैन्याने गोळीबार केला, तेव्हा लोक उभे राहिले होते.

इथपर्यंतचे सर्व कोणत्याही बऱ्या पुस्तकात सापडेल. आपला खरा प्रश्न देश सोडून गेलेल्यांच्या आठवणींबद्दल आहे आणि त्याबाबत मला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी लॉस एंजेलिसमध्ये इमारतींच्या संरचनेचे काम करीत असे. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर आमच्या कार्यालयावर दुरुस्तीच्या कामांचा डोंगर कोसळला. वर्षभर आम्ही सुट्टीसुद्धा धड घेतली नव्हती. आमचे वरिष्ठ तेहरानचे. त्यांनी १९९५ च्या एप्रिलमध्ये आम्हा सर्वांना सीझदे-बेदरसाठी सॅन फर्नांडो व्हॅलीतील एका बागेत बोलावले. नवरोझनंतरच्या तेराव्या दिवशी घरात थांबू नये, असा इराणी लोकांचा संकेत आहे. सगळे कुटुंब सतरंज्या, समोवार आणि आश या दाट सूपचे मोठे पातेले घेऊन झाडाखाली मुक्काम ठोकते. सणासाठी ताटलीत उगवलेले गव्हाचे कोंब त्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडायचे असतात. तेथे वाहते पाणी म्हणजे काँक्रीटने बांधून काढलेला नाला, त्यामुळे मुले ती हिरवी चकती टाकत आणि ती दोन हात जाऊन अडकली की काठीने ढकलत.

वरिष्ठांच्या वृद्ध आत्याबाई तेथे होत्या. त्यांना सगळे अम्मे-जान म्हणत. त्यांचे यजमान शाहच्या सैन्यात कर्नल होते आणि १९७९ च्या जानेवारीत, शाह देशाबाहेर पडला त्याच आठवड्यात, हे दोघे 'थोडे दिवस मुलीकडे राहून येऊ' म्हणून निघाले होते. त्या दिवशी अम्मे-जाननी पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक पुस्तिका काढली. ती त्यांच्या उत्तर तेहरानच्या शेमिरानमधील घराची सनद होती. जुन्या इराणी पद्धतीप्रमाणे तिची पाने एका दोऱ्यात ओवलेली होती आणि दोऱ्याच्या टोकाला शिशाची मोहोर लोंबत होती. मोहोर तुटली तर सनद रद्द, म्हणून ती कापसात जपलेली होती. घर क्रांतीनंतर जप्त झाले होते. परंतु राष्ट्राध्यक्ष रफसंजानींच्या काळात सरकार परदेशस्थांना परत बोलावत होते, काहींना मालमत्ता परत मिळाल्याचे कानावर येत होते, आणि एक पुतण्या उन्हाळ्यात तेहरानला जाणार होता; त्याच्याकडे सनदेची प्रत द्यावी आणि एक अर्ज पाठवावा, असा त्यांचा बेत होता.

आमच्या कार्यालयात नकाशे काढणारा एक पंचेचाळिशीचा गृहस्थ समोरच सेकंजबीन या आंबटगोड पाकात लेट्यूसची पाने बुडवून खात बसला होता. तो हसला आणि म्हणाला, 'ज्यांनी घर घेतले त्यांच्याच दारात अर्ज घेऊन जाणार?' वरिष्ठांनी मला हे इंग्रजीत सांगितले आणि पुढे बराच वेळ ते माझ्या शेजारी बसून दुभाष्याचे काम करीत राहिले. अम्मे-जान त्याच्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, 'बाळा, घर त्यांनी घेतले, पण दार तू उघडलेस.'

त्याचा इतिहास त्या सर्वांना ठाऊक होता. १५ नोव्हेंबर १९७७ रोजी वॉशिंग्टनमध्ये कार्टर यांनी शाहचे स्वागत केले, तेव्हा बाहेर निदर्शने करणाऱ्या इराणी विद्यार्थ्यांत तो होता. सावाकच्या, म्हणजे शाहच्या गुप्त पोलिसांच्या, छायाचित्रकारांना चेहरा कळू नये म्हणून हे विद्यार्थी कागदी मुखवटे घालत. पोलिसांनी सोडलेला अश्रुधूर वाऱ्याने थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर गेला आणि राष्ट्राध्यक्ष व शाह दोघेही डोळे पुसताना जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. अम्मे-जाननी ते तेहरानमध्ये पाहिले होते. राजाच्या डोळ्याला रुमाल पाहताच त्यांचे यजमान म्हणाले होते की, अमेरिकेने आता याच्यावरून हात काढला. तेवढ्यावरून असा निष्कर्ष काढणे चुकीचे असेल, पण तेहरानमध्ये असंख्य लोकांनी तोच काढला.

'माझ्या चुलतभावाला १९७४ मध्ये सावाकने उचलले तेव्हा तुमचे यजमान काय करीत होते?' असे त्याने विचारले. त्यांनी उलट विचारले, 'आणि तुझ्या धाकट्या भावाला कोणी उचलले?'

हा प्रश्न ऐकून वरिष्ठ भाषांतर करायचे थांबले. उरलेले मला नंतर गाडीत कळले. हा गृहस्थ १९७९ मध्ये हजारो विद्यार्थ्यांप्रमाणे अमेरिका सोडून आनंदाने मायदेशी परतला होता. वर्षभरात सांस्कृतिक क्रांतीच्या नावाखाली विद्यापीठे बंद झाली. १९८१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ एका डाव्या गटाचे वृत्तपत्र विकताना पकडला गेला, आणि १९८३ मध्ये हा स्वतः कुर्द वाटाड्यांच्या मागोमाग डोंगर चालून तुर्कस्तानातील वान शहरात उतरला. भाऊ सात वर्षे तुरुंगात होता. १९८८ च्या उन्हाळ्यात कैद्यांच्या भेटी अचानक बंद झाल्या, आणि त्या काळात तुरुंगांमध्ये हजारो राजकीय कैद्यांना फाशी दिली गेली. थंडी सुरू झाल्यावर वडिलांना बोलावून एक पिशवी देण्यात आली. तीत भावाचे घड्याळ होते आणि एक स्वेटर होता, जो त्याचा नव्हता. आईने तो धुऊन, घडी घालून ठेवला. कोणाचा तरी असेलच.

बागेत मात्र त्याने एवढेच उत्तर दिले की, चुलतभाऊ आणि धाकटा भाऊ दोघेही तेहरानच्या एविन तुरुंगातच होते, इमारत तीच, फक्त पाटी बदलली. एविन शाहने बांधला आणि नव्या राजवटीने तो भरून वाहेपर्यंत वापरला, ही गोष्ट त्या मैदानावरील प्रत्येकाला माहीत होती, त्यामुळे त्यावर कोणी काही बोलले नाही. अम्मे-जाननी त्याच्या ताटलीत आणखी आश वाढली. आणि अर्ज शेवटी त्यानेच लिहून दिला, कारण कचेरीच्या फारसीत लिहिता येईल असा त्या सतरंजीवर दुसरा कोणी नव्हता. पुतण्या जाऊन आला. घर पाडून तेथे सात मजली इमारत उभी राहिली होती. अम्मे-जाननी एका मजल्यावर किती सदनिका आहेत ते विचारले आणि बांधणाऱ्याला अक्कल नाही असा निर्वाळा दिला.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. जे आठवण काढतात आणि ज्यांनी क्रांती केली ते एकच लोक आहेत असे आपण गृहीत धरले आहे, आणि मेहुण्यांचीही हीच गफलत आहे. परदेशस्थ इराणी माणसाने देश कोणत्या वर्षी सोडला, त्यावर त्याची आठवण ठरते. १९७८-७९ मध्ये बाहेर पडलेले अधिकारी, बँकर आणि कारखानदार घराची आठवण काढतात. हबीब एलघानियान या ज्यू उद्योगपतीला मे १९७९ मध्ये मृत्युदंड झाल्यावर बाहेर पडलेले ज्यू आणि जून १९८३ मध्ये शिराझला बहाई धर्माच्या दहा स्त्रियांना फाशी दिली गेल्यावर पळालेले बहाई शाहच्या राजवटीबद्दल चांगले बोलतात, तर त्याला कारण आहे. त्या दहांपैकी सर्वांत धाकटी सतरा वर्षांची होती. १९८१ नंतर आलेले डावे लोक ज्या क्रांतीसाठी झगडले तिची आठवण काढतात, जी झालीच नाही. आठ वर्षांच्या इराकयुद्धात मुलाला आघाडीवर नेऊ नये म्हणून त्याला सीमेपार धाडणाऱ्या आईला यांपैकी कोणाशीच देणेघेणे नसते. २०२२ मध्ये महसा अमिनीच्या पोलीस कोठडीतील मृत्यूनंतर बाहेर पडलेल्या मुलींना तर शाहचा काळ आजीच्या अल्बममधून माहीत आहे. (मुंबई-पुण्यातील इराणी हॉटेलवाल्यांना कृपया यात ओढू नये, ती बहुतांशी यझद भागातील झरथुष्ट्री कुटुंबे क्रांतीच्या कितीतरी आधी आलेली आहेत.)

त्यामुळे आपल्या कार्यालयात इराणी सहकारी असेल तर 'शाह बरा होता की खोमेनी' असे विचारू नये. कोणत्या वर्षी आणि कोणत्या वाटेने बाहेर पडलात, एवढे विचारावे आणि मग ऐकावे. लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड भागातील इराणी दुकानांत लावलेल्या शाहच्या तसबिरींचा मला राग येत नाही. राग येतो तो 'पुढचा नवरोझ तेहरानमध्ये' असे दर वर्षी सांगून जाहिराती मिळवणाऱ्या इथल्या फारसी वाहिन्यांचा, आणि घरबसल्या दुसऱ्याच्या शोकांतिकेचे मीम बनवणाऱ्यांचा.

दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. मी ओळखतो ते इराणी बहुतेक लॉस एंजेलिसचे आणि सुस्थितीतील. टोरंटो किंवा स्टॉकहोममध्ये वेगळे ऐकायला मिळेल. दुसरे असे की, क्रांतीनंतर खेड्यांत वीज आणि शाळा पोहोचल्या, स्त्रियांची साक्षरता झपाट्याने वाढली, आणि पुढे विद्यापीठ-प्रवेशांत मुली मुलांच्या पुढे गेल्या. हे बोललेले इथल्या मेजवानीत कोणाला आवडत नाही, पण ते खरे आहे. तसेच मुलींच्या विवाहाचे वय १८ वर नेणारा आणि घटस्फोट न्यायालयात आणणारा शाहच्या काळातील कौटुंबिक कायदा नव्या राजवटीने पहिल्याच महिन्यात मोडीत काढला, हेही खरे आहे. छायाचित्रातील स्कर्टपेक्षा तो कायदा जाणे हे फार मोठे नुकसान होते.

राहिला मेहुण्यांचा हुकमाचा एक्का. ३० आणि ३१ मार्च १९७९ च्या सार्वमतात ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी इस्लामी प्रजासत्ताकाला होकार दिला, मग आता रडता कशाला, असे ते म्हणतात. त्या मतपत्रिकेवर हिरवा भाग 'होय'चा आणि लाल भाग 'नाही'चा होता. राज्यघटना तेव्हा लिहिलेलीच नव्हती. सर्वोच्च सत्ता धर्मशास्त्रज्ञाकडे देणारी घटना डिसेंबरमध्ये मंजूर झाली. हिजाबसक्तीची चाहूल लागताच ८ मार्चला हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या होत्या, आणि कुर्द भागातील अनेकांनी व काही डाव्या संघटनांनी मतदानावर बहिष्कार घातला होता. आमच्या नकाशेवाल्याने मात्र हिरवा कागद टाकला होता. लाल टाकणे म्हणजे शाहला परत बोलावणे असेच त्या आठवड्यात सर्वांना वाटत होते, आणि तिसरा कागद छापलेला नव्हता, असे तो म्हणाला. मेहुण्यांना हे मी सविस्तर कळवले आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.